ओटी कुणाच्या हातून घ्यायची? नवरात्रातील एका तक्रारीचा प्रकरण अभ्यास

गाव सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी पट्ट्यातले. ओळख पटू नये म्हणून गावाचे, देवीचे आणि माणसांचे नाव दिलेले नाही. रकमा गोल केल्या आहेत आणि मूळ प्रसंगाला धक्का न लावता काही खुणा बदलल्या आहेत. पुजाऱ्याने भक्ताशी कसे वागावे यावर सगळ्यांचे एकमत असते. ते वागणे बिघडते कुठे आणि सावरताना काय काय हलवावे लागते, ते या प्रकरणात टप्प्याटप्प्याने दिसते.

पार्श्वभूमी

देवीचे मंदिर जुने, दगडी. पुढे लाकडी खांबांचा सभामंडप आणि दोन दीपमाळा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० खाली न्यासाची नोंद आहे, सात विश्वस्त आहेत आणि सातही पुरुष. पूजेचा मान गुरवांच्या चार घरांकडे. गुढीपाडव्याला पाळी बदलते, म्हणजे एका घराला दर चौथ्या वर्षी पूर्ण वर्षाची पाळी येते. पाळीदाराने पहाटेच्या काकड आरतीपासून रात्रीच्या शेजारतीपर्यंत सगळे नित्य उपचार करायचे: स्नान, महापूजा, नैवेद्य, धुपारती. समोर एकही भक्त नसला तरी यातले काही चुकवायचे नाही. घरात सुतक किंवा सोयर आले तर पुढच्या घराने सांभाळायचे. हा भाग चारही घरे पिढ्यान्‌पिढ्या चोख पाळत आली आहेत आणि त्याबद्दल गावात कुणाची तक्रार नाही.

उत्पन्नाच्या वाटा तीन. दानपेटीतले पैसे न्यासाचे. उंबरठ्यावरचे ताट आणि ओटीत येणारी साडी, खण, नारळ, धान्य पाळीदाराचे. तिसरी वाट देवस्थानच्या इनाम जमिनीची. ही वर्ग ३ ची जमीन दिवाबत्ती आणि पूजेसाठी दिलेली. पूर्वी तिथे ज्वारीपलीकडे काही येत नव्हते. टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी आल्यावर शिवारात द्राक्षे आणि डाळिंब उभे राहिले, पण देवस्थानला येणारा खंड कोरडवाहू काळातलाच राहिला. पुढे जे घडले त्याच्या मुळाशी ही जमीन आहे, हे कळायला विश्वस्तांना काही महिने लागले.

भक्तांचे दोन गट. एक गावातला आणि पंचक्रोशीतला, मंगळवार-शुक्रवारी येणारा. दुसरा गलाईवाल्यांचा. जुने सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात या भागातली असंख्य कुटुंबे देशभर पसरली आहेत. वर्षातून एकदा, बहुधा नवरात्रात किंवा यात्रेला, ती गावी येतात. सभामंडपाची फरशी, चांदीची प्रभावळ, धर्मशाळेचा मजला त्यांच्याच देणग्यांतून झालेला. त्यामुळे त्यांना मान आहे, आणि त्यांच्याकडून जास्त मिळायला हवे अशी अपेक्षाही आहे.

त्या वर्षी पाळी होती ती सत्तरीच्या एका वृद्ध पुजाऱ्याच्या घराकडे. मुलगा पुण्यात नोकरीला, घरी म्हातारा-म्हातारी आणि एक विधवा सून. गर्दी झेपणार नाही म्हणून त्यांनी नवरात्राचे नऊ दिवस दूरच्या नात्यातल्या, दुसऱ्या तालुक्यातल्या एका तरुणाला मक्त्याने दिले. साठ हजार रुपये आधी रोख द्यायचे आणि नऊ दिवसांचे ताट व ओट्या त्याच्या. असा व्यवहार अनेक देवळांत गुपचूप चालतो. न्यासाला त्याची कल्पना होती, पण कागदावर काही नव्हते.

प्रसंग

पाचवी माळ, शुक्रवार, संध्याकाळची वेळ. रांग दीपमाळेच्याही मागे गेलेली. गलाई व्यवसायातले एक कुटुंब ओटी घेऊन आले: साठीची आई, मुलगा, सून. आईचे पती दीड वर्षापूर्वी वारलेले. ओटीचे ताट आईच्या हातात होते. हिरवी साडी, खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम, विडा, पाच फळे. मुलगा फोनवर चित्रीकरण करत होता, कारण परराज्यातल्या मावशीला ते दाखवायचे होते.

बदली पुजाऱ्याने ताट पाहिले, आईच्या कपाळाकडे पाहिले आणि मोठ्याने म्हणाला, "मावशी, तुमी जरा बाजूला थांबा. सूनबाईच्या हातनं घेतो." आई ताट सोडेना. त्याने ताट ओढून सुनेच्या हातात दिले, मग तिच्याकडून घेतले. देवीला दाखवले आणि कुंकू सुनेलाच लावले. प्रसादाचा नारळ परत देण्याआधी ताटाकडे बोट करून म्हणाला, "बाहेरगावची मंडळी, पाचशे एक तरी ठेवा." मुलाने दोनशे ठेवले. त्यावर "एवढ्या लांबनं येऊन एवढंच?" असे रांगेला ऐकू जाईल असे बोलला. आई काही न बोलता सभामंडपाच्या खांबाशी जाऊन बसली.

रात्री चित्रफीत गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आली. दोन तासांत तिला राजकारणाचे पाय फुटले. गुरवांना हाकला म्हणणारे, ही रीतच आहे म्हणणारे आणि आपल्या विरोधकाचा विश्वस्त अडचणीत आला म्हणून खूश झालेले, असे तीन तट पडले.

पहिल्या रात्रीची चूक

न्यासाच्या अध्यक्षांनी मुलाला पहिला फोन केला तो "ती चित्रफीत काढून टाक, गावाची बदनामी होते" हे सांगायला. आई कशी आहे हे विचारले नाही. मुलाने नकार दिला आणि धर्मादाय आयुक्तांकडे जाण्याची भाषा केली. अध्यक्षांचा हेतू वाईट नव्हता, घाबरलेल्या माणसाने केलेला तो फोन होता. पण त्या एका फोनने तक्रार पुजाऱ्याविरुद्ध होती ती न्यासाविरुद्ध झाली. देवस्थानच्या माणसाचा पहिला फोन दुखावलेल्या भक्ताची विचारपूस करायला गेला पाहिजे. चित्रफितीचे काय करायचे ते सकाळीही ठरवता येते.

लगेचचा निर्णय: उरलेल्या चार माळा

शनिवारी काकड आरतीनंतर विश्वस्त धर्मशाळेत बसले. नवव्या माळेला मंगळवार, म्हणजे सगळ्यात मोठी गर्दी. समोर तीन मार्ग होते.

बदली पुजाऱ्याला तत्काळ काढावे, असे चार विश्वस्तांचे मत पडले. अडचण अशी की पाळीदार एकटे गाभारा सांभाळू शकत नव्हते आणि बाकीच्या तीन घरांनी "आमची पाळी नाही" म्हणून हात वर केले होते. शिवाय त्या तरुणाचे साठ हजार आधीच गेलेले. तो भांडणार आणि ते भांडण गाभाऱ्याच्या दारात होणार, हे उघड होते. दुसरा मार्ग दसऱ्यापर्यंत गप्प बसण्याचा. तो सोपा होता, पण चार दिवसांत असे आणखी प्रसंग होणार हे नक्की होते. अर्ध्याहून कमी रक्कम वसूल झालेला माणूस उरलेल्या दिवसांत जास्तच ओढाताण करणार.

तिसरा मार्ग एका तुलनेने तरुण विश्वस्ताने सुचवला, आणि या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी निर्णय तोच ठरला. त्या तरुणाला गाभाऱ्यातली पूजा, स्नान, महावस्त्र, आरती करू द्यायची, पण उंबरठ्यावर भक्तांसमोर उभे करायचे नाही. उंबरठ्याशी पाळीदारांनी स्वतः पाटावर बसायचे आणि ओट्या त्यांच्या सुनेने घ्यायच्या. ती सून स्वतः विधवा होती. दोन विश्वस्त कुजबुजले, पण पाळीदार म्हणाले, "घरात देवीचा नैवेद्य तीच रांधती. तो देवीला चालतो की न्हाई?" त्यावर चर्चा थांबली.

पैशाचा प्रश्न त्याच बैठकीत मिटवला हे महत्त्वाचे. पाळीदारांनी मक्त्यातले पंचवीस हजार परत करायचे कबूल केले, न्यासाने त्यातले दहा हजार उसने दिले. हे केले नसते तर तो तरुण आत राहूनही ताटाकडेच बघत बसला असता.

यात कामाचे साधे गणितही होते. एक ओटी हातात घ्यायची, देवीला दाखवायची, पायांशी टेकवायची, कुंकू लावायचे, मूठभर तांदूळ आणि नारळ किंवा त्याची भकल परत द्यायची, याला घाईतही अर्धे मिनिट जाते. म्हणजे एका माणसाच्या हातून तासाला सव्वाशे ओट्या होणेही कठीण. शुक्रवारी संध्याकाळी रांगेत त्याच्या तिप्पट बायका होत्या आणि समोर एकच माणूस, तोही पहाटेपासून उपाशी. तो तिरसटला याचे हे समर्थन नाही. पण माणूस बदलून रांग तशीच ठेवली असती तर नवा माणूसही दोन दिवसांत तसाच बोलू लागला असता. शनिवारपासून ओटी आणि नुसते दर्शन अशा दोन रांगा केल्या आणि ओटीसाठी दोघे उभे केले.

माफी कुणी, कुठे

अध्यक्षांचा विचार होता की त्या आईंना कार्यालयात बोलावून शाल-नारळ द्यावा. पाळीदारांना ते पटले नाही. ते स्वतः त्यांच्या घरी गेले आणि आधी विचारले, "तुमाला काय हवं?" आईंचे उत्तर असे होते की माफी वगैरे नको, माझी ओटी माझ्या हातातून घ्या, आणि त्याच जागी घ्या.

आठव्या माळेला, सोमवारी, त्या नवी ओटी घेऊन रांगेतूनच आल्या. पुढे घेण्याची तयारी न्यासाने दाखवली होती, ती त्यांनी नाकारली. पाळीदारांच्या सुनेने ताट त्यांच्या हातातून घेतले, देवीला दाखवले आणि "कुंकू लावू का?" असे विचारून लावले. हे विचारणे पुढे नियमांत आले. लावण्याची सक्ती नको आणि वगळण्याचा अपमानही नको. मुलाने त्याच रात्री गटावर चार ओळी लिहिल्या. जुनी चित्रफीत मात्र काढली नाही, आणि न्यासानेही पुन्हा मागितले नाही.

खरेच रीत होती का?

दसऱ्याचे सीमोल्लंघन आणि पालखी झाल्यावर, कोजागिरीनंतर न्यासाची मोठी बैठक झाली. "ही आपली रीतच आहे" हा दावा तपासायचे ठरले. चारही घरांतल्या वृद्धांना आणि गावातल्या आठ-दहा जुन्या बायकांना विचारले. उत्तरे सरळ नव्हती. कुणी सांगितले की पूर्वी विधवा बाया ओटी आणायच्याच नाहीत, धान्य आणि नारळ आणायच्या. कुणी सांगितले, आणायच्या आणि पुजारी निमूट घ्यायचा, कुंकू तेवढे लावायचा नाही. ताट हातातून काढून दुसरीच्या हातात देण्याचा प्रकार मात्र एकीलाही आठवत नव्हता. तो बदली पुजाऱ्याने आपल्या गावाकडून आणला होता. देवस्थानने आपली वहिवाट कुठे लिहूनच ठेवली नव्हती, त्यामुळे नऊ दिवसांसाठी आलेला माणूस स्वतःच्या सवयीला या देवीची रीत म्हणू शकला.

हीही आठवण बैठकीत निघाली की शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितले. या गावच्या ग्रामसभेतही तो विषय येऊन गेला होता. देवळाच्या उंबरठ्यापर्यंत मात्र तो पोहोचला नव्हता.

पुढचे पर्याय

कायद्याची बाजू न्यासाच्या वकिलांनी मांडली. हिंदूंच्या सार्वजनिक पूजास्थानांतील प्रवेशाबाबतचा राज्याचा १९५६ चा कायदा प्रवेशाबरोबर पूजा-प्रार्थनेतही अडथळा आणायला मनाई करतो आणि त्यात सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. ओटी हातातून न घेणे त्यात बसते असा युक्तिवाद करता आला असता. पण तक्रारदार आईंनाच पोलिसांत जायचे नव्हते. त्यांच्या इच्छेविरुद्ध गुन्हा नोंदवून त्यांना साक्षीला उभे करणे हा दुसरा अन्याय झाला असता.

गुरवांची वहिवाट संपवून पगारी पुजारी नेमावा हा पर्याय गटावर सगळ्यात जोरात मांडला जात होता. वकिलांनी दोन उदाहरणे ठेवली. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरासाठी १९७३ मध्ये स्वतंत्र कायदा झाला, तरी बडवे-उत्पात या वंशपरंपरेच्या सेवेकऱ्यांच्या हक्कांचा वाद सर्वोच्च न्यायालयात जानेवारी २०१४ मध्ये संपला. कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरात पगारी पुजारी आणायलाही २०१८ मध्ये विधिमंडळाला कायदा करावा लागला. एका गावच्या न्यासाला ठराव करून वंशपरंपरेची वहिवाट मोडता येत नाही. ते दिवाणी दाव्याचे काम, आणि तेवढी वर्षे व तेवढा पैसा या देवळाकडे नाही. शिवाय दानपेटीतून एका माणसाचा वर्षाचा पगारही निघत नव्हता.

मग उरला तो लेखी आचारनियमांचा मार्ग. वहिवाट चार घरांकडेच ठेवायची, पण भक्तांशी संबंध येणारे प्रत्येक काम न्यासाच्या नियमाखाली आणायचे आणि पाळीदाराने पाळी घेताना त्यावर सही करायची. घरे अडून बसली तर १९५० च्या विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ अ खाली धर्मादाय आयुक्तांकडून निर्देश मागायचे. ही ताकद हाताशी आहे हे सगळ्यांना माहीत असणे पुरेसे ठरले, अर्ज करावा लागला नाही.

नियमांत काय आले

पहिला नियम मक्त्याचा. पाळी किंवा तिचा कोणताही भाग पैसे घेऊन दुसऱ्याला द्यायचा नाही. बदली माणूस लागला तर आधी चार घरांतला, तोही नसेल तर बाहेरचा, पण आठ दिवस आधी न्यासाला लेखी कळवून आणि रोजंदारीवर. रोज ठरलेला असेल तर त्याला ताटात किती पडते याची फिकीर राहत नाही. माझ्या मते बाकीचे सगळे नियम या एका नियमाच्या आधाराने उभे आहेत.

ओटीच्या नियमाची भाषा ठरवायला पूर्ण एक बैठक गेली. पहिला मसुदा होता: "विधवा स्त्रियांनाही ओटी भरता येईल." पाळीदारांच्या सुनेला बैठकीत बोलावले होते. ती म्हणाली, यात तुम्ही परवानगी देताय असं वाटतं, आणि उद्या पुजारी प्रत्येकीला विचारणार, तुम्ही कोण म्हणून. शेवटी वाक्य असे झाले: "ओटी जिने आणली तिच्याच हातातून घ्यावी. वैवाहिक स्थिती, जात, गाव विचारू नये. कुंकू लावण्यापूर्वी विचारावे." एवढेच वाक्य फळीवर लिहून उंबरठ्याच्या आतल्या बाजूला, पुजाऱ्याला दिसेल असे लावले. भक्तांसाठी वेगळी फळी लावली नाही. नियम पाळायचा ज्याने, त्याच्या डोळ्यांसमोर तो असावा.

ताट पाळीदाराचेच राहिले, पण मागणे बंद. रक्कम सुचवायची नाही, कमी पडली म्हणून बोलायचे नाही, आणि प्रसाद आधी द्यायचा. ही क्रमवारी मुद्दाम ठरवली. नारळ हातात पडल्यावर भक्त मोकळा होतो, मग तो जे ठेवील ते त्याच्या मनाचे. शेजारी दानपेटी आणि पाळीदाराचे ताट यांवर वेगवेगळ्या पाट्या लावल्या, कारण बहुतेक भक्तांना ताटातले पैसे देवळाच्या दुरुस्तीला जातात असे वाटत होते.

अभिषेकाला एकच दर, गावचा असो की गलाईवाला: एकशे एक्कावन्न रुपये. पावती न्यासाच्या टेबलावर, त्यातले शंभर पाळीदाराला, बाकीच्यातून पंचामृताचे दूध, दही, तूप, मध, साखर न्यासाने आणायचे. गर्दीच्या दिवशी पाच कुटुंबे एकत्र बसवायची, पण संकल्पात प्रत्येकाचे नाव घ्यायचे. गोत्र माहीत नसेल तर काश्यप गोत्र म्हणून पुढे जायचे. शास्त्रात ती सोय पूर्वीपासून आहे, तरी "गोत्र माहीत नाही?" असे चारचौघांत विचारून माणसाला ओशाळे करण्याची खोड पुष्कळ पुजाऱ्यांना असते.

साड्यांचा प्रश्न तक्रारीत नव्हता, चौकशीत निघाला. सकाळी देवीला आलेली साडी संध्याकाळी देवळाबाहेरच्या दुकानात परत विकायला जात होती. काही बायकांनी आपली साडी ओळखली होती आणि मनात ठेवली होती. साडीवर पाळीदाराचा हक्क आहे हे मान्य, पण आता ती वहीत नोंदते आणि दसऱ्यानंतर व यात्रेनंतर प्रसाद म्हणून उघड विक्री होते. पैसे पाळीदारालाच जातात. भाव दुकानदार देत होता त्यापेक्षा बरा येतो, कारण घेणाऱ्याला ती देवीच्या अंगावरची साडी म्हणून हवी असते.

आजारी माणसाला घेऊन येणाऱ्यांबद्दल एक कलम आहे: अंगारा द्यावा, डॉक्टरकडे जायला सांगावे, उतारा किंवा बाहेरची बाधा असे काही बोलू नये, त्यासाठी पैसे घेऊ नयेत. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा उल्लेख तिथे केला आहे. तक्रारवही गाभाऱ्याजवळ न ठेवता कार्यालयात ठेवली. पुजाऱ्याच्या नजरेसमोर त्याच्याविरुद्ध कोण लिहील? दर अमावास्येला दोन विश्वस्तांनी ती वाचायची आणि तक्रारदाराला सात दिवसांत फोन करायचा.

वर्षभरात काय झाले

गुढीपाडव्याला पाळी दुसऱ्या घराकडे गेली, तेव्हा तीन घरांनी सह्या केल्या. चौथ्या घराने केली नाही. त्यांचे म्हणणे, पाळी आमच्याकडे येईल तेव्हा बघू.

पुढच्या नवरात्रात वहीत तीन तक्रारी आल्या. तिन्ही रांगेच्या, पुजाऱ्याच्या बोलण्याबद्दल एकही नाही. दोन जणांना ओटीवर उभे करण्याची पद्धत टिकली. पाळीदार नसूनही त्या सुनेला नवीन पाळीदारांनी रोजावर बोलावले, कारण बायका तिच्यासमोर मोकळेपणी येतात हे त्यांनी पाहिले होते. बदली पुजारी पुन्हा आला नाही.

अभिषेकाच्या पावत्या मात्र श्रावणात व्यवस्थित फाटल्या आणि मार्गशीर्षापर्यंत सैल पडल्या. टेबलावर बसणारा माणूस शेतीच्या कामाला गेला की पुजारीच पैसे घ्यायचा आणि पावती राहून जायची. त्यावर उपाय म्हणून क्यूआर कोड लावला. तो न्यासाच्या खात्याचा असल्याने पाळीदाराचे शंभर रुपये महिन्याने मिळू लागले आणि नवी कुरकुर सुरू झाली. आता दर सोमवारी हिशेब होतो.

खरी अडचण आडदिवसांची. मागणे बंद झाल्यावर नवरात्र आणि यात्रेत उत्पन्न फारसे घटले नाही. आषाढातल्या बुधवारी, जेव्हा दिवसभरात वीस माणसे येतात, तेव्हा मात्र पाळीदाराच्या हाती काहीच पडत नाही. पहाटे चारला उठून पाच उपचार करणाऱ्या माणसाला महिन्याचा काही ठाव हवा. इथे इनाम जमिनीचा विषय पुन्हा निघाला. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे की देवस्थानच्या जमिनीची मालक देवताच, पुजारी तिच्या वतीने व्यवस्था पाहणारा. म्हणून ती जमीन चार घरांत वाटून घेण्याची मागणी टिकणारी नव्हती. पण पूजेसाठी दिलेल्या जमिनीचे वाजवी उत्पन्न पूजा करणाऱ्यापर्यंत पोहोचवणे न्यासाचे कामच आहे. खंड बाजारभावाच्या जवळ नेला तर पाळीदाराला दरमहा ठरावीक मानधन देता येते, असा हिशेब खजिनदारांनी काढला.

वेगळे काय करता आले असते

घटस्थापनेच्या आधी एक तास पुरला असता. बदली माणूस कोण, त्याला इथली रीत कोण सांगणार, उंबरठ्यावर किती जण, जेवायला त्याला कधी सोडायचे, एवढ्या चार गोष्टी ठरवल्या असत्या तर शुक्रवार टळला असता. मक्ता न्यासाला माहीत होता. माहीत असून गप्प राहिल्याचा दोष विश्वस्तांचा होता आणि ठरावात तो तसा लिहिला गेला नाही, याचे वाईट वाटते. सगळा दोष त्या तरुणावर गेला. त्याचे वागणे चुकीचेच होते, पण साठ हजार भरून त्याला त्या जागी उभे करणारे व्यवहार मोठ्या माणसांचे होते.

दुसरे, ओटीबद्दलची पहिली बैठक सात पुरुषांनी केली. सुनेला बोलावले नसते तर "विधवांनाही भरता येईल" हेच वाक्य फळीवर गेले असते. विश्वस्त मंडळात बाई घेण्याचा विषय दोनदा निघाला आणि दोनदा पुढे ढकलला गेला. न्यासाच्या घटनेत त्याला आडकाठी नाही. जागा रिकामी झाल्यावर निवड करून बदल अर्ज नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यायचा, एवढेच.

तिसरे, जमिनीपासून सुरुवात व्हायला हवी होती. आधी आचारनियम आणि वर्षाने मानधनाचा विचार, असा उलटा क्रम झाल्याने मधले वर्ष पाळीदारांनी तोट्यात काढले. चौथे घर सही करत नाही त्यामागे हेच आहे, हट्ट नाही. त्यांच्या घरात कमावता माणूस एकच आहे आणि त्यांनी हिशेब मांडून दाखवला आहे.

सध्या जमीन कसणाऱ्यांशी बोलणी चालू आहेत. शेतजमिनीचा भाडेपट्टा दहा वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, म्हणून पाच वर्षांचा करार आणि दरवर्षी वाढ असा मसुदा केला आहे. दोन कुळांनी तो मान्य केला, तिसऱ्याने वकील लावला आहे. चौथ्या घराची पाळी यायला अजून एक पाडवा आहे.